लग्नाचं बोलावणं लागोसचं, अंगावर काय घालायचं?



'देशोदेशीचे पोशाख' हा कार्यक्रम आपल्या बहुतेक शाळांमध्ये कधी ना कधी होतोच. जपानचा किमोनो येतो, इंग्लंडचा कोट-टाय येतो आणि 'आफ्रिका' म्हटलं की एखाद्या मुलाच्या कमरेला पानं, चेहऱ्याला काळा रंग आणि हातात पुठ्ठ्याचा भाला दिला जातो. टाळ्या पडतात, फोटो निघतात. पण मुलं त्या दिवशी काय शिकतात? आफ्रिका नावाचा एक देश आहे आणि तिथल्या लोकांना कापड माहीत नाही, हेच ना? दोन्ही गोष्टी धडधडीत खोट्या आहेत. आफ्रिका हा ५४ देशांचा खंड आहे. त्यातल्या एकट्या नायजेरियात लग्नाला जाताना कोणतं कापड कशासोबत घालायचं, यावर घराघरांत जेवढी चर्चा होते, तेवढी आपल्याकडे शालू-पैठणीवरही होत नसेल.

म्हणून आजचा विषय थोडा वेगळा घेतला आहे: नायजेरियातल्या लग्नाला पाहुणा म्हणून जायचं असेल, तर तिथली पारंपरिक कापडं एकत्र कशी करावीत? लागोसमध्ये नोकरी-व्यवसायासाठी राहणारी भारतीय कुटुंबं बरीच आहेत, त्यांत मराठी माणसंही आहेत. तुमच्या एखाद्या नातेवाइकासमोर हा प्रश्न खरोखर उभा राहिला असेल. आणि कुणी तिकडे जाणार नसलं, तरी या एका पोशाखातून भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र आणि माणुसकी असे चार तास घेता येतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

पत्रिकेबरोबर येणारं कापड

नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात योरुबा लोक राहतात. लागोस, इबादान, अबेओकुटा ही सगळी त्यांचीच शहरं. योरुबा भाषेत 'अशो' म्हणजे कापड आणि 'एबी' म्हणजे कुटुंब. 'अशो एबी' म्हणजे कुटुंबाचं कापड. लग्न ठरलं की दोन्ही घरं आपापले रंग ठरवतात. मग एका प्रकारचं कापड ठोक भावात घेतलं जातं आणि नातेवाइकांना, मित्रमंडळींना दिलं जातं. दिलं जातं म्हणजे फुकट नव्हे हं! बहुतेक वेळा पाहुणा ते विकत घेतो, आपल्या शिंप्याकडून आपल्या आवडीचं शिवून घेतो आणि तेच घालून लग्नाला जातो. मंडपात नजर टाकली की मुलीकडचे कोण, मुलाकडचे कोण, नवरीच्या मैत्रिणी कोण, ऑफिसातले कोण, हे रंगांवरूनच कळतं.

बाईचा योरुबा पोशाख साधारण चार तुकड्यांचा असतो. कमरेला गुंडाळायचं कापड म्हणजे इरो. वर सैल ब्लाउज, तो बुबा. खांद्यावर किंवा हातावर टाकायचा पट्टा, तो इपेले. आणि डोक्याला बांधायचं, उंच घड्या घातलेलं कापड म्हणजे गेले. आपल्या 'गेले'शी याचं नुसतं उच्चारापुरतं साम्य आहे. वर्गात यावर एकदा हशा पिकणारच, पिकू द्या. त्यानंतर तो शब्द कुणी विसरणार नाही. पुरुषांचा सदरा म्हणजे बुबाच, विजार म्हणजे शोकोतो, टोपी म्हणजे फिला आणि या सगळ्यावर घालायचा भलामोठा घोळदार झगा म्हणजे अग्बादा. त्याच्या बाह्या इतक्या रुंद असतात की माणूस चालताना त्या सारख्या खांद्यावर चढवत असतो.

चार तुकडे म्हटल्यावर चार कापडं एकत्र आणण्याची सोय आली. खरा कस इथेच लागतो.

आधी कापडांची ओळख

पहिलं अशो ओके. हे योरुबा लोकांचं मानाचं हातमागाचं कापड. ओयो राज्यातलं इसेयिन हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. माग अरुंद असतो, त्यामुळे जेमतेम चार ते सहा इंच रुंदीची लांबच लांब पट्टी विणली जाते. मग त्या पट्ट्या एकमेकींना शिवून कापड तयार होतं. याचे तीन जुने प्रकार मानाचे मानले जातात. गडद निळीत बारीक फिक्या रेघा असलेलं 'एतू'. या शब्दाचा अर्थ गिनी फाउल हा पक्षी, त्याच्या ठिपकेदार पिसांवरून हे नाव पडलं. दुसरं रानटी रेशमाचं, मातकट-बदामी रंगाचं 'सान्यान'. तिसरं किरमिजी 'आलारी', ज्याचं रेशीम एकेकाळी सहारा वाळवंट ओलांडून व्यापाऱ्यांबरोबर यायचं. आता बाजारात चमकदार जरीसारखा धागा घातलेलं, हलकं अशो ओके जास्त दिसतं.

दुसरं आदिरे. 'आदि' म्हणजे बांधणं, 'रे' म्हणजे रंगात बुडवणं. नावातच कृती आहे. आपल्या बांधणीसारखं गाठी मारून, निळीत बुडवून केलेलं ते 'आदिरे ओनिको'. आणि कसाव्याच्या पिठाची खळ कोंबडीच्या पिसाने कापडावर रेखून, मग बुडवून केलेलं ते 'आदिरे एलेको'. जिथे खळ लागली तिथे नीळ चढत नाही, नक्षी फिकी राहते. हे काम परंपरेने बायकांचं. अबेओकुटातला इतोकू बाजार आजही आदिरेसाठी ओळखला जातो. यातल्या एका प्रसिद्ध नक्षीचं नाव 'इबादानदुन', म्हणजे इबादान शहर गोड आहे, राहायला छान आहे. त्यात त्या शहरातल्या मापो हॉलचे खांबसुद्धा काढलेले असतात. ज्या कापडावर गावाची सार्वजनिक इमारत चितारली जाते, त्या कापडाला नुसतं 'डिझाइन' म्हणून कसं चालेल?

तिसरं अंकारा. मोठमोठ्या नक्षीचं, भडक रंगांचं सुती छापील कापड. जगात 'आफ्रिकन प्रिंट' म्हणून जे ओळखलं जातं ते हेच. सहा वारांच्या तुकड्यांत विकलं जातं.

चौथं लेस. आपण जिला लेस म्हणतो त्या काठाच्या पट्टीपेक्षा हे वेगळं. हे पूर्ण कापडच भरतकामाचं, छिद्राछिद्रांचं असतं. लग्नात याचा मान मोठा.

आग्नेय नायजेरियातल्या इग्बो लोकांकडे आणि नायजर नदीच्या मुखाजवळच्या भागात गेलात, तर 'जॉर्ज' नावाचं भारी कापड दिसेल. बायका त्याचे दोन तुकडे एकावर एक गुंडाळतात आणि वर लेसचा ब्लाउज घालतात. आबिया राज्यातल्या अक्वेते गावच्या बायका उभ्या मागावर विणतात ते 'अक्वेते' कापडही तिकडचंच. इथे पट्ट्या जोडाव्या लागत नाहीत, कारण माग रुंद असतो.

देश एक, पण भाषा शेकडो आणि लग्नाच्या रीतीही तितक्याच निरनिराळ्या. उत्तरेकडे हौसा लोकांत भरतकामाचे लांब झगे आणि टोप्या. म्हणून 'नायजेरियन ड्रेस' असा एकच पोशाख शोधू नका. आधी विचारा, लग्न कुणाकडचं आहे?

मग जुळवायचं कसं?

माझं मत सरळ आहे. पाहुण्याच्या पोशाखात एकच कापड बोलकं असावं, बाकीच्यांनी त्याला साथ द्यावी. आणि ते बोलकं कापड शक्यतो हाताने विणलेलं किंवा हाताने रंगवलेलं असावं, मग ते डोक्यावरच्या दीड-दोन वारांपुरतं का असेना.

समजा, योरुबा लग्न आहे आणि मुलीकडच्यांनी गडद निळा व नारिंगी हे रंग सांगितले आहेत. एका रंगाच्या साध्या निळ्या लेसचे इरो आणि बुबा शिवा. गेले आणि इपेले मात्र एकाच अशो ओकेचे घ्या, निळ्यावर नारिंगी रेघ असलेले. लेस नाजूक, अशो ओके जाड, त्यामुळे दोघांचा पोत वेगळा दिसतो आणि रंग त्यांना एकत्र बांधून ठेवतो. दमट लागोसमध्ये नखशिखांत अशो ओके घालून पाच-सहा तास बसणं सोपं नाही, हाही विचार करायला हवा. आणि गेलेला ताठ कापडच लागतं. मऊ सुती कापडाच्या घड्या उभ्या राहत नाहीत, बांधलं तरी जेवणाच्या वेळेपर्यंत ते कानावर येतं.

दुसरा पर्याय मला स्वतःला जास्त आवडतो: आदिरेचे इरो-बुबा आणि त्यावर अशो ओकेचं गेले. इथे आदिरेची नक्षी बोलकी, म्हणून गेले बारीक रेघांचं किंवा एकरंगी असावं. पुरुषांसाठीही हाच धडा: आदिरेचा सदरा आणि विजार, डोक्यावर अशो ओकेची फिला. अग्बादा हवाच असेल तर तो एकरंगी ठेवा.

अंकारा घ्यायचं असेल तर त्याच्या शेजारी आदिरे नको. दोन्ही मोठ्या नक्षीची कापडं, दोघंही एकाच वेळी बोलायला लागतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही. वर्गात दोन मुलं एकदम उत्तर देतात तेव्हा काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगणार! अंकाराबरोबर त्याच्याच नक्षीतला एखादा दबका रंग उचलून एकरंगी गेले बांधा.

इग्बो लग्नात जॉर्जचे दोन तुकडे आणि लेसचा ब्लाउज ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तिथे नवा प्रयोग करण्यापेक्षा तीच नीट घालावी. हलकं हवं असेल तर अक्वेतेचा एक तुकडा आणि साधा ब्लाउज पुरतो.

शिवणकामाच्या दोन-तीन गोष्टी इथेच सांगून टाकतो, कारण त्या विसरल्या की पैसे पाण्यात जातात. नवीन आदिरेचा निळा रंग सुरुवातीला सुटतो. ते शिवण्याआधी वेगळं धुवून घ्या, नाहीतर फिक्या लेसवर निळे डाग पडलेच म्हणून समजा. अशो ओके कापलं की कडेचे धागे निघतात, म्हणून कापल्या कापल्या कडा शिवून घ्याव्या लागतात. शिंप्याला सांगा, पट्ट्यांचे जोड शरीराच्या मध्यावर सरळ येऊ देत, एक रेघ तिरकी गेली की सगळा पोशाख तिरका दिसतो. चमकदार धाग्याच्या कापडावर गरम इस्त्री थेट ठेवू नका, मध्ये सुती फडकं घाला.

आणि काय घालू नये? नवरा-नवरीने स्वतःसाठी निवडलेलं अशो ओके तंतोतंत आपल्या अंगावर नको. एदो लोकांच्या लग्नात पोवळ्यांचा मुकुट हा नवरीचा मान आहे, पाहुणीने तशी हौस करू नये. इग्बो समाजात लाल टोपी ही किताब मिळालेल्या मानकऱ्यांची खूण आहे. दुकानात छान दिसली म्हणून ती डोक्यावर चढवली, तर न मिळालेला मान आपणच आपल्याला देऊन टाकल्यासारखं होतं.

हे सगळं 'पारंपरिक' आहे का?

आता मुलं एक प्रश्न नक्की विचारतील आणि विचारला नाही तर आपण तो त्यांच्यासमोर ठेवावा. ही कापडं मुळात नायजेरियाची आहेत का?

अंकाराची गोष्ट पाहा. इंडोनेशियातल्या जावा बेटावर मेण लावून रंगवण्याची बाटिक कला होती. डच कारखानदारांनी यंत्रावर तिची नक्कल सुरू केली. नेदरलँड्समधल्या हेल्मंड गावातली व्हिलिस्को ही कंपनी १८४६ सालची. जावामध्ये ही यंत्राची नक्कल फारशी चालली नाही, पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तीच कापडं पश्चिम आफ्रिकेत उतरली आणि तिथल्या बायकांनी ती उचलून धरली. त्यांनी नक्ष्यांना नावं दिली, अर्थ दिले, कोणती नक्षी खपेल हे व्यापाऱ्यांना सांगितलं. लग्नात मानाने घातलं जाणारं लेसचं कापड ऑस्ट्रियातल्या लुस्टेनाउ गावात, पश्चिम आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी १९६०च्या दशकापासून बनतं आहे.

आणि जॉर्ज? हे नाव मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्ज किल्ल्यावरून पडलं, असं मानलं जातं. म्हणजे तो धागा थेट आपल्या देशात येतो. नायजर नदीच्या मुखाजवळचे कालाबारी लोक मद्रासच्या चौकड्यांच्या कापडाला 'इंजिरी' म्हणतात. 'रिअल इंडिया' या शब्दांवरून हे नाव आलं, असं सांगतात. या लोकांनी आपल्याकडचं कापड जसंच्या तसं घेतलं नाही. त्यातले ठरावीक धागे ब्लेडने कापून, ओढून काढून त्यांनी स्वतःची नवीन नक्षी तयार केली. तिला 'पेलेते बिते' म्हणतात, म्हणजे धागा कापलेलं कापड. तामिळ विणकराने घातलेला धागा कालाबारी कारागिरीण काढून टाकते आणि त्यातून तिसरंच काहीतरी जन्माला येतं!

आदिरेसुद्धा याला अपवाद नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बहरलं, कारण युरोपातल्या गिरण्यांचं पांढरं, गुळगुळीत सुती कापड स्वस्तात मिळू लागलं आणि त्यावर बारीक नक्षी रेखता येऊ लागली. १९३०च्या दशकात तर कृत्रिम नीळ आणि कॉस्टिक सोडा वापरावा की नाही, यावरून अबेओकुटाचे राजे आणि रंगारी बायका यांच्यात मोठा वाद झाला होता. परंपरा म्हणजे काय, हा वाद त्या बायकांनी आपल्या आधी कितीतरी वर्षं घातला आहे.

काही जण म्हणतील, मग हे सगळं परकंच की! मला तसं वाटत नाही. मिरची पोर्तुगिजांबरोबर आली म्हणून आपला ठेचा परका होतो का? ज्या कापडाला लोकांनी नाव दिलं, जे बारशाला, लग्नाला आणि मयताला वापरलं, ते त्यांचंच. मात्र त्याचा प्रवास मुलांपासून लपवू नये. 'हजारो वर्षांपासून असंच आहे' हे वाक्य पाठ्यपुस्तकात सोपं वाटतं, पण त्याने मुलांची चौकशी तिथेच थांबते.

गणवेश आणि अशो एबी

आता थोडं कडू बोलतो. एकसारखं कापड घालण्यामागचा मूळ विचार सुंदर आहे. श्रीमंत आत्या आणि गरीब मामी एकाच कापडात, एकाच रांगेत. आपण शाळेत गणवेश का ठेवतो? याच कारणासाठी. पण ठरावीक दुकानातूनच, ठरावीक भावानेच गणवेश घ्या, असा आग्रह सुरू झाला की काय होतं, हे या लेखाचे वाचक म्हणून तुम्हाला समजावून सांगायला नको. समानतेसाठी आणलेली वस्तूच कुणाच्या बापाचा खिसा किती खोल आहे, ते दाखवायला लागते.

अशो एबीचंही असंच होत चाललं आहे. कापड महाग, वर शिलाई, शिवाय गेले बांधून देणाऱ्या बाईचे पैसे. लागोसमध्ये शनिवारी शनिवारी लग्नं आणि मेजवान्या असतात, त्यांना 'ओवांबे' म्हणतात. महिन्यातून दोन-तीन बोलावणी आली, तर प्रत्येक वेळी नवीन कापड कुठून घ्यायचं? घेतलं नाही तर मैत्रीत अंतर पडतं, घेतलं तर उधारी होते. तिथल्या वर्तमानपत्रांत आणि घराघरांत यावर तक्रारी चालूच असतात. आपल्याकडच्या मानपानाचीच ही दूरची बहीण.

म्हणूनच मला तिथली एक साधी सवय फार मोलाची वाटते. पूर्ण कापड घेणं परवडत नसेल, तर पाहुणा फक्त गेले किंवा फिला तेवढी त्या घराच्या रंगाची घेतो आणि खाली घरातलाच चांगला पोशाख घालतो. मघाशी मी कापडं जुळवण्याच्या ज्या रीती सांगितल्या, त्यांचा खरा उपयोग इथे आहे. आईचं जुनं अशो ओके, गेल्या वर्षीचं लेस आणि या लग्नाच्या रंगाचं नवीन गेले. यजमानाचा मान राहतो आणि कर्जही होत नाही. ज्याला कापडं जुळवता येतात, त्याला प्रत्येक वेळी नवीन घ्यावं लागत नाही. यजमानांनीही पत्रिकेत 'कापड घ्या' म्हणण्याऐवजी 'रंग हे आहेत' एवढंच लिहावं, असं मला मनापासून वाटतं.

यात कारागिराचाही प्रश्न आहे. आदिरेच्या नक्षीचे यंत्रावर छापलेले तागे, बरेचसे चीनमधून, बाजारात येतात. ते स्वस्त असतात आणि लांबून ओळखूही येत नाहीत. उत्तरेकडच्या कडुना शहरातली मोठी कापडगिरणी २००७ साली बंद पडली आणि हजारो कामगार घरी बसले. अशा वेळी हाताने काम करणारी रंगारीण टिकायची कशी? पाहुण्याने निदान एक तुकडा तरी तिच्याकडून घ्यावा, असं मी म्हणतो ते यासाठी. महाग लेसचे पाच वार कमी करा आणि खऱ्या आदिरेचे दोन वार घ्या, हिशेब तेवढाच राहतो. ओसोगबोच्या निके ओकुंदाये यांनी तरुणांना आदिरे शिकवण्यासाठी केंद्रं काढली, म्हणून ही कला नव्या हातांत गेली. पण शिकलेल्या हातांना गिऱ्हाईकही लागतं.

आणखी एक नाव तुमच्या वर्गात जरूर सांगा: फुनमिलायो रॅन्सम-कुटी. त्या अबेओकुटाच्या, आणि पेशाने आपल्यासारख्याच शिक्षिका. १९४०च्या दशकात बाजारात बसणाऱ्या बायकांवर लादलेल्या कराविरुद्ध त्यांनी हजारो बायकांना संघटित केलं. आधी त्या इंग्रजी धाटणीचे कपडे घालत. बाजारातल्या बायकांबरोबर काम करायला लागल्यावर त्यांनी इरो-बुबा हाच पोशाख धरला, भाषणंही योरुबात करू लागल्या. शेवटी १९४९ च्या जानेवारीत तिथल्या राजाला गादी सोडावी लागली. आपण कुणाच्या बाजूला उभे आहोत, हे त्यांनी आधी अंगावरच्या कापडाने सांगितलं होतं. लग्नातला पाहुणाही छोट्या प्रमाणात तेच सांगत असतो.

वर्गात काय करता येईल?

पोशाखाचा कार्यक्रम बंद करा, असं माझं म्हणणं नाही. तो जरा वेगळा करू या.

१. नकाशावर दोरा: जगाचा नकाशा भिंतीवर लावा. जावा ते हेल्मंड ते लागोस असा एक दोरा, चेन्नई ते नायजरचं मुख असा दुसरा, लुस्टेनाउ ते लागोस तिसरा. इसेयिनचा दोरा छोटा, पण तोही लावा. मुलांना विचारा, सगळ्यांत जुना कोणता असेल?

२. पट्ट्यांचं गणित: ४ इंच रुंदीच्या कागदी पट्ट्या रंगवा आणि ६० इंच रुंद 'कापड' जोडा. किती पट्ट्या लागतील? पट्टी ५ इंचांची असती तर? भागाकाराचा तास आपोआप होतो.

३. साबुदाण्याची खळ: आदिरेत जी कसाव्याची खळ लागते, तो कसावा आपल्या घरात रोज नसला तरी एकादशीला असतोच! आपला साबुदाणा त्याच कंदापासून बनतो आणि सुती साड्यांना आपल्या आज्या साबुदाण्याचीच खळ घालत. घट्ट खळ करून जुन्या पांढऱ्या कापडावर काडीने नक्षी काढा, नीट वाळू द्या आणि वरून ब्रशने निळा रंग द्या. रंग वाळल्यावर खळ खरवडून काढा. अबेओकुटाच्या बायकांसारखं रेखीव येणार नाही. ते येत नाही, हे हातांना कळणं हाच धडा.

४. पोशाखाबरोबर पाटी: कोणत्याही देशाचा पोशाख घातलेल्या मुलाने तीन वाक्यं बोलायची. हे कापड कोणत्या गावात बनतं, कोण बनवतं आणि ते कोणत्या प्रसंगी घालतात. या तीन वाक्यांची तयारी झाली नाही, तर तो पोशाख त्या वर्षी नको. चेहऱ्याला काळा रंग तर कधीच नको.

पालकांनो, घरी बोलायला तुमच्यासाठी चार प्रश्न ठेवतो. आपल्या घरातलं सगळ्यांत जुनं कापड कोणतं आणि ते कुणी विणलं असेल? मागच्या लग्नात आपण नवीन कपडे हौसेने घेतले की लोक काय म्हणतील म्हणून? घरातल्याच दोन-तीन जुन्या कापडांतून पुढच्या लग्नासाठी काय जमवता येईल? आणि आपल्या घरच्या कार्यात एखादा पाहुणा साध्या कपड्यांत आला, तर त्याला आपण कोणत्या रांगेत बसवतो?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुलांसमोरच द्या. तुमच्याकडे काय चर्चा झाली, ते आम्हाला जरूर कळवा.